परीक्षा रॉकेटची होती : डॉ. वसंत गोवारीकर आणि ३५ किलोची रोहिणी



सूर्यमालेचा धडा सुरू झाला की मुलं रॉकेटबद्दल विचारतातच. आमच्या मिहान परिसरात तर जास्तच विचारतात. डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, कुणाचे बाबा विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये कामाला असतात, तर कुणाची आई इथल्या एखाद्या कारखान्यात. मग प्रश्न येतो, की सर, रॉकेटमध्ये पहिल्यांदा कोण बसलं? गागारिन आणि राकेश शर्मा ही नावं आपण सांगतो. पण माणूस बसायच्या कितीतरी आधी, कुणीच न बसलेली यानं वर पाठवावी लागतात. ती कशासाठी पाठवतात, त्यात काय असतं, हे सांगायचं मात्र राहून जातं.

आज त्याबद्दलच लिहितोय, आणि ते एका मराठी शास्त्रज्ञाच्या आयुष्यातून सांगतोय. त्यांचं नाव डॉ. वसंत रणछोड गोवारीकर. २ जानेवारी २०१५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. आज आपल्या पहिली-दुसरीत बसलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. या मुलांना कलामसाहेब माहीत असतात, गोवारीकर माहीत नसतात. म्हणून हा लेख.

कोल्हापूर ते इंग्लंड

गोवारीकरांचा जन्म २५ मार्च १९३३ चा, पुण्यातला. शिक्षण कोल्हापुरात झालं. पुढे ते इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रा. गार्नर यांच्या हाताखाली रासायनिक अभियांत्रिकीत पीएचडी केली. घन पदार्थ आणि त्याच्याभोवती वाहणारा द्रव किंवा वायू यांच्यात उष्णता आणि पदार्थ कसे इकडून तिकडे जातात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. या दोघांच्या नावाने गार्नर-गोवारीकर सिद्धांत ओळखला जातो.

पीएचडीनंतर त्यांनी तिकडेच हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात काम केलं. मग समरफील्ड संशोधन केंद्रात गेले, तिथे रॉकेटच्या मोटरींवर काम चालायचं. नोकरी चांगली, प्रयोगशाळा सुसज्ज. अशा वेळी डॉ. विक्रम साराभाईंनी त्यांना भारतात बोलावलं आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते केरळातल्या थुंबा इथे रुजू झाले.

थुंबा म्हणजे तेव्हा काय होतं, हे मुलांना जरूर सांगा. समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव. तिथल्या सेंट मेरी मॅग्डालेन चर्चच्या इमारतीत शास्त्रज्ञांचं कार्यालय. रॉकेटचा भाग सायकलवरून नेतानाचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेलच, ते तिथलंच. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, पण ते अमेरिकेकडून आलेलं होतं. आपलं रॉकेट करायचं तर त्याचं इंधनही आपलंच पाहिजे. ते कुणी विकत देणार नव्हतं, आणि बनवण्याची कृतीही कुणी सांगणार नव्हतं. गोवारीकरांच्या वाट्याला हेच काम आलं.

घन इंधन म्हणजे काय?

इथे जरा थांबून विज्ञान समजून घेऊ, कारण मुलांना हा भाग फार आवडतो.

आपल्या चुलीतलं लाकूड हवेतल्या प्राणवायूवर जळतं. रॉकेट जिथे जातं तिथे हवा विरळ होत जाते आणि पुढे उरतच नाही. म्हणून रॉकेटला प्राणवायूचा पुरवठा सोबत न्यावा लागतो. घन इंधनात तीन मुख्य गोष्टी असतात.

१. अमोनियम परक्लोरेट : यातून जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन मिळतो.
२. ॲल्युमिनियमची बारीक पूड : ही जळून प्रचंड उष्णता देते.
३. रबरासारखा चिकट पदार्थ : हा बाकी दोघांना धरून ठेवतो आणि स्वतःही जळतो.

हे सगळं मोठ्या यंत्रात कणकेसारखं मळतात, रॉकेटच्या नळकांड्यात ओततात आणि ठरावीक तापमानाला ठेवून घट्ट होऊ देतात. मधोमध साचा ठेवून एक पोकळी राखतात. आग लागते ती या पोकळीच्या आतल्या भिंतीला, आणि इंधन आतून बाहेर जळत जातं. पोकळीचा आकार ताऱ्यासारखा ठेवायचा की गोल, यावर जोर सुरुवातीला किती आणि नंतर किती हे ठरतं.

खरी मेख पुढे आहे. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. नळ बंद केला, असं इथे चालत नाही. समजा, इंधन घट्ट होताना आत एक चीर पडली. चिरेमुळे जळायला जास्तीचा पृष्ठभाग मिळतो. जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त वायू, जास्त वायू म्हणजे जास्त दाब, आणि जास्त दाब म्हणजे नळकांडं फुटणार. म्हणून उडवण्याआधी तपासणीवर तपासणी करावी लागते. इंधनाचे तुकडे ताणून पाहायचे, ते किती वेगाने जळतात हे मोजायचं, तयार मोटरचे एक्स-रे काढायचे. मग अख्खी मोटर जमिनीवर जखडून पेटवायची आणि तिचा जोर मोजायचा. गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कित्येक वर्षं याच कामात गेली. वर्तमानपत्रात फोटो येईल असं हे काम नव्हतं. थुंब्याच्या कामाचं पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र झालं आणि श्रीहरिकोट्याला घन इंधनाचा मोठा कारखाना उभा राहिला.

एसएलव्ही-३ : १७ टनांचं रॉकेट, ३५ किलोंचा प्रवासी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. भारताचं पहिलं उपग्रह वाहून नेणारं रॉकेट म्हणजे एसएलव्ही-३. उंची २२ मीटर, वजन सुमारे १७ टन. एकावर एक चार टप्पे, आणि चारही टप्प्यांत घन इंधन. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, आणि इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. वरच्या टप्प्यांची नळकांडी वजन वाचवण्यासाठी धाग्यांनी मजबूत केलेल्या प्लास्टिकची होती. अशा पदार्थांना कंपोझिट म्हणतात. मिहानमधल्या पालकांना हा शब्द नवा नाही. इथल्याच एका कारखान्यात बोईंग ७८७ विमानाचे कंपोझिट फ्लोअर बीम बनतात. मुलांना सांगताना हा धागा जरूर जोडा.

या रॉकेटवर जे यान बसवलं, त्याचं वजन होतं फक्त ३५ किलो. म्हणजे सहावी-सातवीतल्या एखाद्या मुलाएवढं. १७ हजार किलोंचं रॉकेट आणि ३५ किलोंचा प्रवासी, भागाकार मुलांकडूनच करून घ्या. एक किलो वर न्यायला जवळपास ४८५ किलो लागले.

या यानाचं काम काय होतं, ते नीट लक्षात घ्या. ते हवामानाचे फोटो काढणार नव्हतं, टीव्हीचे कार्यक्रमही दाखवणार नव्हतं. त्याचं काम होतं, आपल्याला घेऊन येणारं रॉकेट नीट चाललं की नाही, हे सांगणं. पहिल्या यानाचं नाव रोहिणी टेक्नॉलॉजी पेलोड होतं. त्यात रॉकेटवर लक्ष ठेवणारी उपकरणं होती आणि ते जेमतेम ३ वॅट विजेवर चालायचं. आपल्या घरातला लहानसा एलईडी दिवा साधारण तेवढी वीज घेतो.

१० ऑगस्ट १९७९

या दिवशी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ उडालं. पहिला टप्पा व्यवस्थित जळला. दुसऱ्या टप्प्यात मात्र रॉकेट भरकटलं. ३१७ सेकंदांत सगळं संपलं आणि रॉकेट यानासकट बंगालच्या उपसागरात पडलं.

शोध घेतल्यावर कारण सापडलं. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत नायट्रिक ॲसिड वापरलं होतं. त्या यंत्रणेच्या एका झडपेत कचरा अडकला. उड्डाणाला आठ मिनिटं उरली असतानाच ती झडप उघडी राहिली आणि ॲसिड गळून गेलं. दुसऱ्या टप्प्याला दिशा द्यायची वेळ आली तेव्हा यंत्रणा रिकामी होती. टनावारी इंधन मळून, तपासून, भरून तयार होतं, आणि घात केला झडपेतल्या कचऱ्याने!

पण हे कारण कळलं कसं? रॉकेट उडत असताना त्याची माहिती सतत जमिनीवर येत होती, म्हणून. माहिती आली नसती तर नुसता अंदाज करत बसावं लागलं असतं. म्हणजे चाचणी बिघडली तरी तिने आपलं काम केलं होतं. कुठे दुरुस्ती करायची, हे तिने दाखवून दिलं.

१८ जुलै १९८०

त्याच १९७९ साली विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचं संचालकपद गोवारीकरांकडे आलं. म्हणजे आता फक्त इंधनाची नाही, तर केंद्राच्या सगळ्याच कामाची जबाबदारी त्यांच्यावर होती.

वर्षभराच्या आत, १८ जुलै १९८० च्या सकाळी, एसएलव्ही-३ पुन्हा उडालं. चारही टप्पे आपापल्या वेळेला पेटले आणि रोहिणी आरएस-१ कक्षेत पोहोचली. वजन तेच ३५ किलो, पण वीज आता १६ वॅट. भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरत राहून स्थिर राहणारं हे यान होतं. त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. आत काय होतं ते बघा.

- सूर्याकडची दिशा ओळखणारं उपकरण : आपलं तोंड कुठे आहे, हे त्यावरून कळतं.
- चुंबकत्व मोजणारं उपकरण : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ताडून पाहता येते.
- तापमान मोजणारी उपकरणं : यान किती तापतं, किती गार होतं, याची नोंद.

या यानाने रॉकेटच्या चौथ्या टप्प्याची माहिती जमिनीवर पाठवली. शेवटच्या टप्प्याने नेमकं काय केलं, याचा साक्षीदार वर सोबतच होता.

रोहिणीची कक्षा लांबुडकी होती. पृथ्वीपासून जवळात जवळ ३०५ किलोमीटर, लांबात लांब ९१९ किलोमीटर. एक फेरी साधारण ९७ मिनिटांची. आपली शाळा अकरा ते पाच धरली, तर तेवढ्या वेळात तिच्या साडेतीनहून जास्त फेऱ्या व्हायच्या. असं ती २० महिने फिरत राहिली. स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारत जाऊन बसला.

एकदा यश आलं म्हणून चाचण्या थांबल्या नाहीत. ३१ मे १९८१ ला तिसरं उड्डाण झालं. त्यातला उपग्रह ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत गेला आणि नवव्या दिवशी संपला. १७ एप्रिल १९८३ चं चौथं उड्डाण मात्र ठीक झालं. चार उड्डाणांत दोन पूर्ण यशस्वी. आपल्या प्रगतिपुस्तकाच्या हिशोबाने हे ५० टक्के झाले. पण पुढची सगळी रॉकेटं या चार उड्डाणांच्या शिदोरीवर उभी राहिली.

पुढची रॉकेटं

संचालक म्हणून गोवारीकर १९८५ पर्यंत होते. पीएसएलव्ही या मोठ्या रॉकेटची आखणी याच काळातली. त्याच्या पहिल्या टप्प्यात एचटीपीबी नावाच्या रबरी पदार्थावर आधारलेलं घन इंधन वापरायचं ठरलं. एसएलव्हीचा पहिला टप्पा एक मीटर व्यासाचा होता, पीएसएलव्हीचा २.८ मीटरचा झाला. आज त्यात सुमारे १३९ टन घन इंधन असतं. जगातल्या मोठ्या घन मोटरींमध्ये तिची गणना होते. इस्रोच्या रॉकेटांची नळकांडी बनवणारा एक कारखाना आपल्या पुणे जिल्ह्यात वालचंदनगरला आहे, हेही मुलांना सांगण्यासारखं.

पीएसएलव्हीचंही पहिलं उड्डाण १९९३ मध्ये फसलं, दुसरं १९९४ मध्ये जमलं. नंतर याच रॉकेटने २००८ मध्ये चांद्रयान-१ आणि २०१३ मध्ये मंगळयान नेलं. २००७ मध्ये त्याने ५५० किलोंचं, माणूस नसलेलं एक यान वर नेलं. बारा दिवसांनी ते पॅराशूटने बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवलं. अंतराळातून वस्तू परत आणता येते का, हे त्यात पाहायचं होतं. आता गगनयानचीही तीच रीत आहे. २१ ऑक्टोबर २०२३ ला रिकाम्या कुपीची चाचणी झाली. रॉकेट बिघडलं तर अंतराळवीरांची कुपी वेळेत सुटून बाजूला जाते का, हे तपासलं गेलं. उड्डाण ऐन वेळी, शेवटचे पाच सेकंद उरले असताना आपोआप थांबलं. कारण शोधून त्याच दिवशी सकाळी दहाला ते पार पडलं. आत माणूस नव्हता, आणि तो आत्ताच नको म्हणूनच तर ही चाचणी होती.

पावसाचं भाकीत

विदर्भातल्या पालकांना गोवारीकर आणखी एका कारणाने जवळचे वाटावेत. १९८६ ते १९९१ ते केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. २८ फेब्रुवारी १९८७ ला पहिला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा झाला, तोही याच काळात. आणि याच काळात त्यांच्या पुढाकाराने मॉन्सूनचं भाकीत करणारं सोळा घटकांचं प्रारूप तयार झालं. हिमालयातला बर्फ, एल निनो, वारे, हवेचा दाब, तापमान अशा सोळा गोष्टींवरून देशात एकूण पाऊस किती पडेल याचा अंदाज बांधायचा. १९८८ पासून हवामान खातं ते वापरू लागलं. कपाशी लावायची की थांबायचं, या प्रश्नावर ज्यांचं घर चालतं, त्यांना या भाकिताचं मोल वेगळं सांगायला नको.

बरीच वर्षं ते प्रारूप उपयोगी पडलं. मग २००२ आलं. त्या वर्षी देशात पाऊस १९ टक्के कमी झाला, आणि प्रारूपाला हे आधी सांगता आलं नव्हतं. २००३ पासून हवामान खात्याने नवी प्रारूपं घेतली. मुलांपासून हे लपवू नका. विज्ञानात नाव कितीही मोठं असो, भाकीत खऱ्या पावसाशी ताडूनच पाहावं लागतं. जुळलं नाही तर बदलायचं. झडपेबाबत जे झालं, तेच इथेही झालं.

पुढे ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार झाले, १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष राहिले. खतांवरच्या इंग्रजी विश्वकोशाचं मोठं कामही त्यांनी सहकाऱ्यांसोबत उतारवयात पुरं केलं. १९७६ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये पद्मभूषण मिळालं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. खडीसाखर आणि पिठीसाखर : सारख्या वजनाची घेऊन दोन पेल्यांत टाका. आधी कोणती विरघळते? पृष्ठभाग वाढला की क्रिया लवकर होते, हे लगेच कळतं. मग इंधनातल्या चिरेची गोष्ट सांगा.

२. फुग्याचं रॉकेट : दोरीत स्ट्रॉ ओवा, तिला फुगलेला फुगा चिकटवा आणि सोडा. दर वेळी एकच गोष्ट बदला. कधी फुग्याचा आकार, कधी दोरीचा ताण. प्रत्येक वेळी अंतर मोजून वहीत लिहा. फसलेली उडीसुद्धा लिहायची, तीच आधी लिहायची. फटाके उघडून कुणी बघणार नाही, याची मात्र सक्त ताकीद द्या.

३. सहल : नागपुरात रामन विज्ञान केंद्र आहे. जाण्याआधी मुलांकडून तीन प्रश्न लिहून घ्या आणि उत्तरं तिथे शोधायला लावा.

शेवटी आपल्यासाठी

चाचणी हा शब्द आपल्या शाळेतही रोज आहे. घटक चाचणी, संकलित चाचणी. तो ऐकला की मुलं घाबरतात, कारण चाचणी आपलीच होणार असं त्यांना वाटतं. रोहिणीची गोष्ट उलटी आहे. ३५ किलोंची रोहिणी वर गेली, पण परीक्षा होती १७ टनांच्या रॉकेटची. ती समुद्रात पडली तेव्हा रोहिणीला कुणी नापास केलं नाही. झडप शोधली आणि दुरुस्त केली.

आपल्या वर्गातलं ३५ किलोंचं मूल पेपरात अडखळतं, तेव्हा तेही आपल्याला काहीतरी कळवत असतं. भागाकार चुकला तर बघा, वजाबाकी हातच्याची पक्की आहे का? वाचन अडतंय तर बघा, जोडाक्षरं नीट शिकवून झालीत का? घरी अभ्यासाला शांत कोपरा आहे का? डोळे तपासलेत का? वर नेण्याचं काम आपलं, शिक्षकांचं आणि पालकांचं आहे. मग कचरा कुठे अडकलाय, हेही आपणच शोधायला हवं.

पुढच्या चाचणीचे पेपर हातात आले की गुणांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा. त्यात लिहा, या पेपराने मला काय कळवलं. पालकांनीही घरी तसंच करून बघावं. आणि २५ मार्चला, गोवारीकरांच्या जयंतीला, परिपाठात त्यांची ही गोष्ट मुलांना नक्की सांगा.